नव्वद मिनिटांचा पिंक फ्लॉइड

संपादकांनी यंदा ‘ऐकणं’ हा विषय कळवला आणि मी खानदेशाची वाट धरली. बहिणाबाईंच्या ओव्या आणि अहिराणी गाणी या दोन्हींवर पुष्कळ लिहून झालं आहे, होतही राहील. मला वेगळे श्रोते गाठायचे होते. जळगावात आणि धुळ्यात आज पन्नाशी-साठीत असलेली काही माणसं आहेत. कुणी बँकेतून निवृत्त झालं, कुणी कॉलेजात शिकवतं, कुणाचं पाइपांचं नि ठिबकचं दुकान आहे. ही माणसं कॉलेजात असल्यापासून एकाच प्रश्नावर भांडत आली आहेत: पिंक फ्लॉइडचा सर्वांत चांगला अल्बम कोणता? त्यांचं मंडळ नाही, नोंदवही नाही. लग्नात, तेराव्याला किंवा स्टेशनवर भेटले की वाद मागच्या ठिकाणाहून पुढे सुरू होतो. नावं छापू नका, असं बहुतेकांनी सांगितलं, म्हणून इथं नावं नाहीत.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही रॉक वादकांना तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट पुरेना. किंग क्रिम्झन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड अशा बँडांनी गाणी लांबवली, ताल बदलते ठेवले आणि एकच सूत्र अख्ख्या तबकडीभर खेळवलं. जेथ्रो टलनं १९७२ साली ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’मध्ये तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं वाजवलं. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. इथं सुटं गाणं दुय्यम असतं, अल्बम हीच रचना असते. म्हणूनच यांचे चाहते गाण्यांची तुलना फारशी करत नाहीत, अल्बमांची करतात.

भरून घेतलेली कॅसेट

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आज मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि फुटलेल्या काचा बदलून देणारी दुकानं ओळीनं लागलेली दिसतात. तिथून बाहेर पडताना माझ्याबरोबरचे गृहस्थ आपल्या तरुणपणचं जळगाव दाखवत होते. इथं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, तिथं डेक दुरुस्त करणारा बसायचा. आज त्यातलं काहीच उरलेलं नाही. पण त्या दुकानांचा व्यवहार समजून घेतल्याशिवाय यांचा वाद समजत नाही.

ओरिजिनल इंग्रजी कॅसेट महाग असे आणि इथं मिळेलच याची खात्री नसे. त्यामुळे कॅसेट विकत घेण्यापेक्षा भरून घेण्याची पद्धत होती. कोरी कॅसेट दुकानात न्यायची, कागदावर यादी द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. दुकानदाराकडे मूळ प्रत असे, किंवा प्रतीची प्रत, किंवा तिचीही प्रत. दर पिढीला वरचे बारीक सूर बोथट होत आणि खालची खरखर वाढे. हिंदी सिनेमाची गाणी अशी भरून घेतली तर फारसं बिघडत नसे. पिंक फ्लॉइडच्या संगीतात मात्र शांतताही मोजून ठेवलेली आहे, आणि त्या शांततेतच खरखर बसे.

आता मिनिटांचा हिशोब पाहा. कोऱ्या कॅसेटमध्ये ६० आणि ९० ही मापं चालत. ९०च्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं. १९७३चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ साधारण ४३ मिनिटांचा आहे आणि १९७५चा ‘विश यू वेअर हिअर’ ४४च्या आसपास. दोन्ही अल्बम एका कॅसेटच्या दोन बाजूंना अगदी बेतानं बसतात. १९७७चा ‘अ‍ॅनिमल्स’ ४२ मिनिटांहून थोडा कमी, म्हणजे तोही बसतो. १९७९चा ‘द वॉल’ हा दुहेरी अल्बम ८१ मिनिटांचा. त्याची पहिली तबकडी एका बाजूला आणि दुसरी दुसऱ्या बाजूला मावते, पण मग अख्खी कॅसेट त्यालाच द्यावी लागते.

अडचण होती ती १९७१च्या ‘मेडल’ची. तो पावणेसत्तेचाळीस मिनिटांचा आहे आणि त्याच्या शेवटी ‘एकोज’ हे तेवीस मिनिटांहून लांब गाणं आहे. कंपन्या कॅसेटमध्ये फीत हातभर जास्त घालत, तरी शेवटचं मिनिट-दीड मिनिट बाहेरच राही. ‘एकोज’चा शेवट असा आहे की मानवी आवाजासारखा एक झोत वर वर चढत जातो आणि हळूहळू विरतो. धुळ्यातल्या देवपूर भागात राहणाऱ्या एका श्रोत्यानं हा शेवट पहिल्यांदा ऐकला तो सीडीवर, नोकरीला लागून पुष्कळ वर्षं झाल्यावर. तोवर त्यांच्या लेखी ‘एकोज’ खट्‍ आवाज होऊन मध्येच थांबत होतं आणि तोच त्याचा शेवट होता. शेवट ऐकल्यावर त्यांनी ‘मेडल’ला चौथ्या नंबरावरून दुसऱ्यावर आणलं. अल्बमांची क्रमवारी बदलण्याचं इतकं सबळ कारण मला दुसऱ्या कुणाकडून मिळालं नाही.

खानदेशी उन्हाळ्याचाही यात वाटा होता. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत कपाटातली कॅसेटही तापते. फीत गुंडाळलेली असताना एका थरावरचा मोठा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो आणि उष्णतेनं हा दोष वाढतो. ‘डार्क साइड’मध्ये ‘टाइम’च्या सुरुवातीला बरीच घड्याळं एकदम ठणठणू लागतात. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सनं ती घड्याळाच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती. ज्यांची कॅसेट तापलेली त्यांना घड्याळं वाजण्याच्या क्षणभर आधी त्यांचीच लांबून चाहूल लागे. जळगावातल्या दोघांना हा कलाकारांनीच योजलेला चमत्कार वाटत असे.

सात मात्रा

मेहरूण तलावाच्या बाजूला राहणारे एक जण तरुणपणी तबला शिकत होते. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा संबंध नव्हता. मित्राच्या खोलीवर त्यांनी ‘डार्क साइड’मधलं ‘मनी’ ऐकलं आणि मांडीवर बोटं मोजायला सुरुवात केली. सात. पुन्हा मोजलं, पुन्हा सातच.

‘मनी’ची सुरुवात नाण्यांचा खणखणाट, कागद फाटण्याचा आवाज, गल्ल्याचं यंत्र अशा आवाजांनी होते. बँडमधल्या रॉजर वॉटर्सनं हे आवाज टिपलेली फीत मोजून सारख्या लांबीची कापली, तुकडे जोडले आणि त्यांचं फिरतं वेटोळं केलं. एका फेऱ्यात सात आवाज येतात आणि गाणंही सातातच चालतं. रॉक ऐकणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या श्रोत्याला चारची सवय, त्यामुळे तो इथं अडखळतो. आपल्याकडे रूपक सात मात्रांचा आहे, तो भावगीतातही सापडतो, आणि ज्याला रूपक माहीत आहे त्याला ‘मनी’ परकं वाटत नाही. अर्थात रूपकाची सम ‘खाली’वर असते आणि ‘मनी’त पहिल्याच ठोक्यावर वजन पडतं, म्हणून दोन्हींची चाल एक नाही. हा फरक त्या तबलजींनी मला टेबलावर वाजवून दाखवला.

पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. डिक पॅरीचं सॅक्सोफोन सातातच वाजतं. ते संपून डेव्हिड गिलमोरची गिटार पुढे येते तेव्हा ताल सातावरून चारावर जातो, गती मोकळी होते आणि गिटार संपली की गाणं पुन्हा सातात परततं. दीपचंदीतली ठुमरी रंगल्यावर तबलजी चौदा मात्रा सोडून केरव्याच्या अंगानं लग्गी लावतो आणि मग मूळ ठेक्यावर येतो, ती रीत अशीच आहे. लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत काम करणाऱ्या चौघांनी ठुमरी समोर ठेवली होती असं मी म्हणणार नाही. आवळलेल्या तालातून मोकळ्या तालात गेल्यावर माणसाला बरं वाटतं, एवढं दोन्हीकडच्या वादकांना ठाऊक होतं.

जळगावात दर जानेवारीत वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. पिंक फ्लॉइडवाल्यांपैकी काही जण तिथंही नेमानं हजर असतात आणि विलंबित ख्याल संपेपर्यंत जागचे हलत नाहीत. धुळ्याहून जळगावला रेल्वेनं यायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. त्याच चाळीसगावात स्टेशनजवळच्या दगडी बंगल्यात केकी मूस यांनी छायाचित्रं, चित्रं, शिल्पं आणि संगीत यांच्या सोबतीनं जवळजवळ सगळं आयुष्य काढलं. ३१ डिसेंबर १९८९ला ते गेले, तोवर क्वचितच ते घराबाहेर पडले. या मुलखात एका गोष्टीपाशी तासन्‍तास बसून राहणारी माणसं पूर्वीपासून आहेत. लांब गाण्यांचा बँड त्यांना भावला यात मला नवल वाटत नाही.

जळगाव एकीकडे, धुळे दुसरीकडे

आता मूळ वादाकडे येतो. जळगावकर मंडळींचा कल ‘डार्क साइड’कडे आहे. त्यांची बाजू भक्कम आहे. अल्बम हृदयाच्या ठोक्यानं सुरू होतो आणि ठोक्यावरच संपतो. मधे काळ, पैसा, मृत्यू, वेड असे विषय येतात आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना जोड दिसत नाही. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये क्लेअर टॉरी एकही शब्द न उच्चारता गाते. त्या कामाचे तिला तेव्हा ३० पौंड मिळाले होते. पुढे तिनं न्यायालयात दाद मागितली आणि २००५ साली तडजोड होऊन रचनेचं श्रेय तिला मिळालं. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजी शब्द कळत नव्हते तेव्हा हे गाणं मात्र पूर्ण कळत होतं, असं एका प्राध्यापकांनी सांगितलं. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे राहिला. जळगावकर हा आकडा वादात हमखास काढतात. माझ्या मते तो काढू नये, कारण खपानं श्रेष्ठत्व ठरत नसतं.

त्याच जळगावात एक छोटा गट ‘विश यू वेअर हिअर’चा आहे. बँडचा संस्थापक गायक सिड बॅरेट मानसिक आजार आणि अमली पदार्थ यांच्या कचाट्यात सापडून १९६८ साली बँडबाहेर पडला होता. त्याच्याविषयीचं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे नऊ भागांचं गाणं या अल्बमच्या दोन टोकांना विभागून ठेवलेलं आहे. ५ जून १९७५ला त्याचंच काम चालू असताना स्टुडिओत एक जाड, डोक्यावरचे आणि भुवयांचेही केस काढलेला माणूस येऊन बसला. तो सिड आहे हे जुन्या सोबत्यांनाही बराच वेळ ओळखू आलं नाही. ही हकीगत मला जळगावात सांगणारे गृहस्थ शेवटाला येताच थांबले. त्यांचाही कॉलेजातला एक गिटार वाजवणारा मित्र असाच हातातून निसटला होता. त्यानंतर आम्ही अल्बमांच्या नंबरांवर बोललो नाही.

धुळ्यात हवा बदलते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांच्या चौफुलीवरचं हे शहर. कॅसेटच्या काळात ट्रकवाल्यांसाठी गाणी विकणारे स्टॉल इथं जागोजाग असत आणि इंग्रजी माल त्यांच्या एका कोपऱ्यात पडलेला असे. इथल्या मंडळींचा लाडका अल्बम ‘अ‍ॅनिमल्स’. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’चं बोट धरून वॉटर्सनं समाजाची कुत्री, डुकरं आणि मेंढ्या अशी वाटणी केली. पाचच गाणी. दोन टोकांना दीड-दीड मिनिटाची आणि मधे तीन लांबलचक, त्यातलं ‘डॉग्ज’ सतरा मिनिटांचं. मुखपृष्ठासाठी लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रावर हवा भरलेलं प्रचंड डुक्कर बांधलं होतं. डिसेंबर १९७६मध्ये ते दोर तोडून उडालं आणि हीथ्रोच्या विमानांना अडचण करून केंटमधल्या शेतात जाऊन पडलं.

अल्बम निघाला जानेवारी १९७७मध्ये. त्याच महिन्यात आपल्याकडे आणीबाणीतच लोकसभा निवडणुकांची घोषणा झाली होती. धुळ्याच्या श्रोत्यांनी तो ऐकला पुष्कळ नंतर, पण सत्ता चालवणारे, त्यांच्यासाठी भुंकणारे आणि खाली मान घालून चालणारे ही वाटणी त्यांना समजावून सांगावी लागली नाही. शिवाय या अल्बममध्ये एकही गाजलेलं गाणं नाही. दुकानदार निवडक गाण्यांच्या कॅसेटमध्ये तो कधी घालत नसे. ज्याच्याकडे ‘अ‍ॅनिमल्स’ होता त्याच्याकडे अख्खाच होता. नव्या माणसानं मत ठोकलं की धुळ्यात त्याला अहिराणीत एवढंच ऐकवतात, “भो, आखं ऐकी ले, मंग बोल.”

‘द वॉल’बद्दल थोडक्यात. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजवला जाणारा तो एकच अल्बम. शाळेच्या विरोधातलं त्यातलं गाणं लंडनमधल्या शाळकरी मुलांनी म्हटलं आहे आणि पिंक फ्लॉइडचं दुसरं काहीही न ऐकलेल्यांना ते पाठ असतं. जुनी मंडळी त्याला वरच्या तिघांत धरत नाहीत. दुसरी तबकडी मध्यावर सैल पडते, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं.

अकारविल्हे लागलेला अल्बम

२०००च्या सुमारास एमपीथ्री सीडी आल्या. एका सीडीत दीडशे गाणी, म्हणजे पिंक फ्लॉइडचं जवळपास सगळं काम. बांभोरी, शिरपूर, धुळे इथल्या अभियांत्रिकी वसतिगृहांतल्या मुलांनी हा बँड असाच ऐकला. कॅसेटवाल्यांना तो काळ वैभवाचा वाटायला हवा होता, पण त्यांच्या मते त्या काळानं नुकसान केलं.

कारण साधं आहे. बऱ्याच फायलींना क्रमांक दिलेले नसत, त्यामुळे संगणक गाणी इंग्रजी अक्षरक्रमानं वाजवी. ‘डार्क साइड’ त्या क्रमानं लावून पाहा. पहिलं येतं ‘एनी कलर यू लाइक’, जे मुळात आठव्या जागेवरचं आहे. अल्बमचा शेवट करणारं ‘एक्लिप्स’ चौथ्या नंबरावर वाजतं आणि ज्या ठोक्यांनी सगळं सुरू व्हायचं ते ‘स्पीक टु मी’ सातव्यावर. वर दोन फायलींमध्ये क्षणभराची पोकळी पडते, म्हणजे जिथं जोड दिसू नये म्हणून महिनोन्‍महिने काम झालं होतं तिथंच फट. वसतिगृहातल्या कित्येकांना पिंक फ्लॉइड कंटाळवाणा वाटला तो यामुळे, असं माझं मत झालं आहे. त्यांनी तो अल्बम ऐकलाच नव्हता, त्याचे सुटे भाग ऐकले होते.

यातले काही मात्र पुढे गेले. पुण्या-मुंबईत नोकऱ्या लागल्यावर त्यांनी सीडी घेतल्या, योग्य क्रमानं ऐकल्या आणि ड्रीम थिएटर, टूल, पोर्क्युपाइन ट्री या पुढच्या पिढीच्या बँडांपर्यंत पोचले. डिसेंबर २००९मध्ये पोर्क्युपाइन ट्री मुंबईच्या आयआयटीत मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला, त्या गर्दीत खानदेशी मुलंही होती. त्याआधी फेब्रुवारी २००७मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत आला होता. जळगाव-मुंबई अंतर सव्वाचारशे किलोमीटर. रात्रीची गाडी पकडून चाळिशीतले मित्र तिकडे गेले. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात अख्खा ‘डार्क साइड’ सलग वाजला. ज्यानं आयुष्यभर प्रतीची प्रत ऐकली त्याला त्या रात्री बारीकसारीक आवाज पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आले. त्यांतल्या एकानं मला सांगितलं की घड्याळं वाजण्याआधीची ती चाहूल आलीच नाही तेव्हा तो क्षणभर बिचकला होता.

कोणता मोठा?

आज सगळं मोबाइलवर आहे, क्रमही बरोबर असतो. धुळ्यातल्या एका घरात बावीस वर्षांच्या मुलीला ‘डॉग्ज’ सतरा मिनिटं न थांबता ऐकताना पाहिलं. बारावीपासून ती टूल ऐकते, आणि वडिलांच्या ‘अ‍ॅनिमल्स’ला तिनं स्वतःचं म्हणून निवडलं आहे. वडिलांशी तिचा वाद मात्र आहेच. तिच्या मते ‘शीप’ हे ‘डॉग्ज’पेक्षा सरस आहे.

आता माझं मत. जळगावात ते फारशा कुणाला आवडणार नाही आणि धुळ्यात अर्धंच आवडेल. पहिला ‘विश यू वेअर हिअर’, कारण एका हरवलेल्या माणसासाठी इतकी सलग, इतकी संयमी रचना रॉकमध्ये मला दुसरी माहीत नाही. दुसरा ‘अ‍ॅनिमल्स’. तिसरा ‘डार्क साइड’. चौथा ‘मेडल’, पण शेवटच्या दीड मिनिटासह. ‘द वॉल’ पाचवा.

आणि वाचकांना एक विनंती. माळ्यावर भरून घेतलेल्या कॅसेट पडून असतील तर त्या भंगारात देऊ नका. बुरशी लागली नसेल आणि डेकचं हेड साफ केलेलं असेल तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची फीतही बहुतेक वेळा वाजते. सुरू करण्यापूर्वी ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या.